टकल्या डॉक्टरांचा कंगवा

नेमगोंडा डॉक्टरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात मात्र कायम एक कंगवा असायचा. काळा, जाड, एका टोकाचे दोन दात तुटलेला. नव्या पेशंटला वाटायचं, जुनी सवय असेल, गेलेल्या केसांची आठवण येत असेल माणसाला. जुन्यांना ठाऊक असायचं की हा कंगवा डॉक्टरांच्या डोक्यासाठी नाही, आपल्या डोक्यासाठी आहे.

खांद्यापाशी दंडाचं हाड मोडलेला माणूस बरा झाला की नाही, हे डॉक्टर एक्स-रेवरून ठरवत नसत. एक्स-रे बाजूला ठेवायचे, कंगवा पुढं करायचे आणि म्हणायचे, "भांग पाड." मोडलेल्या हातानं कंगवा कपाळापासून मागं मानेपर्यंत गेला की पास. बऱ्याच जणांचा हात अर्ध्यात अडकायचा, मग ते गुपचूप मान वाकवून डोकंच कंगव्याखाली न्यायचे. तिथं डॉक्टर पकडायचे. "हात डोक्याकडं न्यायचा असतोय. डोकं हाताकडं न्यायला तू काय नंदीबैल हायस?" बायकांना त्याच कंगव्यानं विंचरून बुचडा बांधून दाखवायला लागायचा. शेजारी नवरा असला की तो हसायचा. मग डॉक्टर त्याला विचारायचे, घरात ह्यांचा बुचडा तुम्ही बांधता का. तो नाही म्हणायचा. मग गप बसा, म्हणायचे.

मी ह्या परीक्षेला तीन वेळा बसलो. शाळेत सातवीच्या परीक्षेला मी बसलोच नव्हतो, तेव्हा आयुष्यात पास झालेली माझी ही एकच परीक्षा. म्हणून हे लिहायला घेतलंय. चुकलंमाकलं पोटात घाला. माझा हात लिहिण्यासाठी दुरुस्त केलेला नाही, ब्रशासाठी केलेला आहे.

मी वाशीमकडचा. इमारती रंगवत रंगवत कोल्हापुरात आलो. उचगावात एका तीन मजली घराला बाहेरून रंग देताना बांबूची परांची सुटली आणि मी डब्यासकट खाली. उजवा खांदा आधी टेकला. सोबतच्यांनी टेम्पोत घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं, ते ह्यांचं निघालं. मी अंगानं अर्धा निळा, अर्धा पांढरा. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. मला एवढंच कळत होतं की उजवा हात गेला तर रंग गेला, आणि गावाकडं आई त्या हाताच्या जिवावर बसलेली. मी विचारलं, "साहेब, माहा हात कापा लागते का?"

डॉक्टर माझ्याकडं न बघता सिस्टरला म्हणाले, "ह्याचं डोकं कापायला घ्या आधी. हात चांगला हाय."

मग वळून, कुठला रं तू पावणं, म्हणून विचारलं. मी सांगितलं. तेव्हापासून मी पावणं. एकोणीस वर्षं त्यांच्याच हॉस्पिटलात काढली, इथलं रेशनकार्ड झालं, इथलीच बायको केली, पोरगी इथल्याच शाळेत दहावी पास झाली, तरी पावणंच. माझं नाव देवराव आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

समजावून सांगायची त्यांची पद्धत सगळी खाण्यावरून. मांडीचा खुबा म्हणजे वाटीतला लाडू, कितीबी हलवा, वाटीतच राहतोय. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेला लाडू. म्हणून तो चहूकडं फिरतो, आणि म्हणूनच त्याला धर ना बंध. तुकड्यांनी जागा सोडली नसली तर हात गळ्यात बांधायचा, झोळी करून, आणि हाडाला त्याच्या अकलेवर सोडायचं. जागा सोडली तर आत पोलादी पट्टी आणि स्क्रू. आणि लाडवाचा भुगाच झाला तर देवाला हात जोडायचे. "पण त्यालाबी दोन हात लागत्यात," हे वर.

माझे तीन तुकडे होते. त्यांनी पट्टी घातली. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि मग भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम आला. मुंगी चढते तशी बोटं भिंतीवर चढवायची, रोज थोडी वर. मी भित्रा माणूस. बोटं छातीपर्यंत गेली की मला वाटायचं पट्टी तुटली, स्क्रू बाहेर आला, आणि मी थांबायचो. आठवडाभर त्यांनी लांबून बघितलं. एक दिवस हिरव्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून माझ्या पायाशी ठेवला. नुसती बोटं चालवायला ह्याला लाज वाटतीया, म्हणाले, पॅसेज रंगवून काढ, आणि स्टूल घ्यायचं नाही.

पहिल्या आठवड्यात पॅसेजचा रंग माझ्या छातीइतका चढला. महिन्यानं गळ्यापर्यंत. तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर. दर खेपेला डबा नवा, त्यामुळं हिरव्याची छटा वेगळी. त्या भिंतीवर अजून पट्टे आहेत, एकाला एक जुळत नाही. परत एकसारखी रंगवून देतो म्हणालो तर डॉक्टरांनी रंगवू दिली नाही. मी धंद्यानं रंगारी. रोज त्या भिंतीपुढून जाताना मला शरम वाटते.

हात बरा झाला तरी परांचीवर पाय ठेवायची छाती उरली नव्हती. त्यांनी हॉस्पिटलातच ठेवून घेतलं. काम काय, तर पेशंटकडून व्यायाम करून घेणं आणि नमुना म्हणून उभं राहणं. ऑपरेशनला कोणी घाबरलं की केबिनमधून हाक यायची, "पावणं, हात वर कर." मी आत जायचो, सदऱ्याची बाही सावरायचो आणि हात सरळ कानाला लावून उभा राहायचो. डॉक्टर बोट दाखवून म्हणायचे, "बघा. ह्याला अक्कल न्हाय, शाळा न्हाय, धीर तर अजिबात न्हाय. तरी हात वर गेला. तुमचा का जाणार न्हाय?" लोक हसायचे आणि ऑपरेशनला तयार व्हायचे. एकोणीस वर्षांत तो हात मी किती वेळा वर केला असेल, आणि दर वेळी आत जाताना एकच विचार: आज अडकला तर?

ऑपरेशन नको म्हणणाऱ्यांना ते असं वळणावर आणायचे, पण त्यांचा जास्त राग ऑपरेशन मागणाऱ्यांवर. जयसिंगपूरचे एक व्यापारी आले होते. हाड मोडलेलं, पण जागेवर. डॉक्टरांनी झोळी दिली. व्यापारी म्हणाले, माझ्या साडूच्या खांद्यात पट्टी आहे, मी नुसती झोळी घालून पाहुण्यांत कसा जाऊ? डॉक्टर म्हणाले, "तुमचं हाड तुमच्यापेक्षा शहाणं हाय, गप जागेवर बसलंय. आन् नुसत्या झोळीची लाज वाटत असंल तर तिला जरीचा काठ लावून घ्या." पंधरा दिवसांनी माणूस तपासून घ्यायला आला तर झोळीला खरोखर जरीचा काठ. घरच्यांनी शिवला होता, म्हणाले. डॉक्टरांनी काठ बोटानं दोनदा चाचपून बघितला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आणि सगळ्यात जास्त राग तालमीतल्या वस्तादांवर. आमच्याकडचे निम्मे पेशंट आधी वस्तादाकडं जाऊन, तेल चोळून, हात ओढून घेऊन मग यायचे. डॉक्टर म्हणायचे, कुस्तीत हात ओढत्यात तो माणूस पाडायला, हाड बसवायला न्हवं. ओढून आलेल्याला ते टेबलावर घ्यायच्या आधी अर्धा तास शिव्या द्यायचे. भूल नंतर.

दुसरे डॉक्टर केबिनमध्ये आपली सर्टिफिकिटं लावतात. ह्यांच्या केबिनमध्ये भिंतीवर उंचावर पाच एक्स-रे टांगलेले, पाचही त्यांच्या हातून बिघडलेल्या ऑपरेशनांचे. कुठं स्क्रू हाडातून बाहेर आलेला, कुठं पट्टी उचकटलेली. हे माझे देव, म्हणायचे. रोज आल्यावर आधी तिकडं बघायचे.

त्यातला चौथा शेवंताक्काचा. ही पेठ वडगावच्या बाजारात भाजी विकणारी बाई. आठ वर्षांपूर्वी डोक्यावर पाटी घेऊन एसटीतून उतरताना पडली. डॉक्टरांनी तिला पट्टी घातली. हाड खारी बिस्किटासारखं, स्क्रू धरलेच नाहीत, आणि पुढं हाडाचा गोळा रक्ताविना वाळत गेला. पट्टी काढावी लागली. हात छातीपर्यंत येतो आणि थांबतो. दर वर्षी दसऱ्यानंतर ती यायची, पिशवीत वांगी घेऊन. केबिनमध्ये उभी राहायची, हात छातीपर्यंत न्यायची आणि म्हणायची, "एवढाच." मग शिव्या. पाटी उचलायला दुसऱ्याची मिनतवारी, बुचडा शेजारीण बांधणार, ती बांधणार तिच्या सवडीनं, तोवर मी बाजारात झिंज्या सोडून बसायचं व्हय. सगळ्या गावाला बोलणारे डॉक्टर तेवढा वेळ खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि ऐकून घ्यायचे. तिच्यापुढं कंगवा कधी खिशातून बाहेर आला नाही. जाताना ती वांगी ठेवून जायची.

आमच्याकडं मेघना मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, अजून आहेत. ह्यांच्याच हाताखाली शिकल्या, मग बाहेर जाऊन फक्त खांद्याचं शिकून आल्या. भुगा झालेल्या खांद्यात त्या नवा सांधा बसवायच्या, आणि तोही उलटा. म्हणजे लाडवाच्या जागी बशी आणि बशीच्या जागी लाडू. त्यामुळं आतले बारीक स्नायू कामातून गेले तरी खांद्यावरचा मोठा स्नायू एकटा हात उचलतो. डॉक्टरांना हे पसंत नव्हतं. पेशंटसमोर म्हणायचे, "मॅडम लाडू-बशीची अदलाबदल शिकून आल्यात. उद्या गुडघा कोपरात बसवतील." मॅडम ऐकून घ्यायच्या. एकदा, शेवंताक्का येऊन गेल्यावर, त्या म्हणाल्या होत्या की बिघडलेल्या पट्टीनंतरही हे करता येतं, अक्कांना विचारून बघू. डॉक्टर म्हणाले, पडक्या घराला रंग देतीस व्हय? विषय तिथंच संपला. अक्कांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी कोण विचारणार.

डॉक्टर रोज सकाळी ओपीडीच्या आधी गावात जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचे. दूध विकायच्या कट्ट्यावर म्हैस उभी, समोर धार काढायची, फेसासकट ग्लास तोंडाला. मी त्यांना स्कूटरवरून न्यायचो. गेल्या वर्षी एका सकाळी ओल्या फरशीवर त्यांचा पाय सटकला आणि ते उजव्या अंगावर पडले. डाव्या हातातला ग्लास तसाच सरळ. दूध सांडलं नाही, खांदा मोडला.

कट्ट्यावर एक म्हातारे वस्ताद बसलेले, डॉक्टरांनी जन्मभर ज्यांचा उद्धार केला त्यांपैकीच. त्यांनी येऊन हात चाचपला. खांदा उतरलाय, म्हणाले, बसवू का? मी वाट बघत होतो की आता शिव्यांचा पट्टा सुटणार. डॉक्टरांच्या टकलावर घाम आलेला, डोळे मिटलेले.

"बसवा," ते म्हणाले.

वस्तादांनी बगलेत पाय लावून हात ओढला. उसाच्या चिपाडावर पाय पडावा तसा आवाज आला. वस्तादांचं तोंड पांढरं पडलं. डॉक्टर फक्त बास म्हणाले. रिक्षात घातल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मला सांगितलं, "पावणं, ओढल्याचं कुणाला बोललास तर तुझी पट्टी काढून घेईन."

एक्स-रेत चार तुकडे, आणि गोळा उलटा फिरलेला. मेघना मॅडमनी बघितल्याबरोबर सांगितलं, सर, ऑपरेशन, आणि उलटा सांधा. सर म्हणाले, झोळी. माझं हाड माझ्यापेक्षा शहाणं आहे. मॅडमनी खांद्याच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचून विचारलं, लागतंय का. लागतंय की, म्हणाले. ही तपासणी मी एकोणीस वर्षं बघत आलोय. पोलिसाच्या बाहीवर बिल्ला असतो त्या जागी टोचलेलं कळलं नाही, तर तिथली नस झोपली असं समजायचं. नस झोपली की मोठा स्नायूही झोपला.

तीन नंबरच्या खोलीत, मी होतो त्याच खाटेवर, ते झोळी घालून पडून राहिले. पेशंटना झोपल्या जागेवरून शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी चहा देताना माझ्या हातून कढत चहा त्यांच्या त्याच जागेवर सांडला. मी घाबरून फडकं घेऊन धावलो. ते माझ्याकडं बघत होते. "काय झालं?" म्हणाले.

त्यांना कळलंच नव्हतं.

दोन दिवस मी पोटात ठेवलं. ज्यानं मला हात दिला त्यानं एक गोष्ट मागितली होती, गप बसायची. आणि त्यांनी हाकलून दिलं तर ह्या वयात मी कुठं जाणार, तेही होतंच. खोटं कशाला बोलू. पण त्यांचा तो हात उजवा होता. माझ्या खांद्यात ज्यानं स्क्रू पिळले तो. तिसऱ्या दिवशी जिन्यात मेघना मॅडमना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पाय बगलेत लावून ओढला का? हो. आणि सर काय म्हणाले? बसवा म्हणाले. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत, तेव्हा मी जास्त घाबरलो.

त्या सुई घेऊन खोलीत आल्या आणि सरांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला.

"आंधळी कोशिंबीर खेळतीस व्हय मेघना?"

"लागलं की सांगा, सर." मॅडमनी स्वतःचा हात हलवलाच नाही. "आता?"

"लागलं."

"आता?"

"लागलं की. किती टोचशील?"

मॅडमनी टॉवेल काढला आणि सुई त्यांच्यापुढं धरली. "टोपण काढलेलं नाही, सर."

डॉक्टर त्या टोपणाकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "पावणं बोलला," म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणालो, "बोललो. पट्टी काढून घ्या साहेब."

त्यांनी छताकडं बघितलं. तो रंगही मीच दिलेला. "कर तुझी अदलाबदल," ते मॅडमना म्हणाले.

मॅडमनी त्यांना पेशंटसारखं बसवून सांगितलं, आणि त्यांनी पेशंटसारखं ऐकलं. हाड थांबणार नाही, सांधा आताच बसवायचा. नस नुसती दबली असेल तर काही महिन्यांत जागी होईल आणि हात उठेल. तुटली असेल तर लाडू कुठंही ठेवा आणि बशी कुठंही, हात मांडीवरच. हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच. पण हे वाक्य त्यांनी आजवर सांगितलं होतं, ऐकलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. पुढं तीन महिने हात तसाच, ओल्या टॉवेलासारखा. रोज सकाळी ते पॅसेजमध्ये माझ्या हिरव्या भिंतीपुढं उभे राहायचे आणि बोटं चालवायचे. डाव्या हातानं उजवा ढकलायचे. बोटं सगळ्यात खालच्या पट्ट्यापर्यंत जायची आणि घसरायची. बाकावरचे पेशंट दुसरीकडं बघायचे. ते ओरडायचे, हसा की, मी तुम्हाला हसलो न्हवं? कोणी हसत नव्हतं, त्याचाच त्यांना राग.

चौथ्या महिन्यात एकदा त्यांनी मला बोलावून माझा तळवा स्वतःच्या खांद्यावर ठेवून घेतला. हलतंय का बघ, म्हणाले. आधी काही नाही. मग तळव्याखाली, माशी बसल्यावर म्हशीची कातडी थरथरते ना, तेवढंच. मी हो म्हणालो. खोटं बोलू नको, म्हणाले. सुई आणू का, असं माझ्या तोंडून गेलं. ते जे हसले, ते टाके दुखेपर्यंत हसले असते, पण टाके कधीच निघाले होते.

दसरा झाला, आणि एका भरलेल्या ओपीडीत मेघना मॅडमनी त्यांना समोर उभं केलं. त्यांच्याच खिशातून कंगवा काढून त्यांच्याच हातात दिला. "भांग पाडा, सर."

सगळ्यांनी माना उंचावल्या. डॉक्टरांनी कंगवा कपाळावर टेकवला. कंगवा त्या गुळगुळीत टकलावरून वर चढला, टाळूवर क्षणभर थांबला, आणि मागं मानेपर्यंत उतरला. मान त्यांनी तसूभर वाकवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी कंगव्यात केस अडकलेत का ते निरखून बघायचं सोंग केलं, त्यावर आणखी हशा.

मागच्या बाकावरून आवाज आला, "माझ्या डोक्यावर अजून केस हायत की, डॉक्टर."

शेवंताक्का. पिशवीत वांगी, केस पाठीवर सुटलेले. तिनं उठून हात छातीपर्यंत नेला. ह्या वेळी 'एवढाच' सुद्धा म्हणाली नाही. शिव्याही दिल्या नाहीत.

डॉक्टर केबिनमध्ये गेले. मी मागोमाग. भिंतीवरचा चौथा एक्स-रे उंचावर होता. मी स्टूल ओढायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. टाचा उंच करून, दात खाऊन, त्याच उजव्या हातानं त्यांनी तो खाली काढला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. बाहेर येऊन त्यांनी तो मेघना मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, अक्कांना विचार. मग म्हणाले, न्हाय, मीच विचारतो.

काय बोलले ते मी ऐकलं नाही, बाकावर तिच्याशेजारी बसून हळू बोलले. लाडू आणि बशी एवढे शब्द कानावर आले. ती बराच वेळ त्यांच्या खांद्याकडं बघत होती. मग तिनं विचारलेलं मात्र सगळ्या ओपीडीनं ऐकलं: हे आधी का न्हाय सांगितलं?

"मला येत न्हवतं म्हणून," डॉक्टर म्हणाले. "जिला येतं तिचं मी ऐकलं न्हाय."

एवढ्या वर्षांत त्यांना कोणाची माफी मागताना मी बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही बघितलं म्हणता येणार नाही. अक्का उठली आणि तपासून घ्यायला आत गेली. त्यानंतर आठवड्याभरात डॉक्टर जयसिंगपूरकडच्या आपल्या गावी राहायला गेले, ऑपरेशनं सोडली, हॉस्पिटल मॅडमच्या स्वाधीन केलं. फोनवर अजून पावणं म्हणतात. पण डोळ्यापुढं येतात ते त्या बाकावरचे: पेशंटच्या गर्दीत, पेशंटच्या घरच्यासारखे, मांडीवर वांग्यांची पिशवी धरून बसलेले. दार लोटलेलं. आतून अक्कांचा चिरका आवाज येत होता, पुन्हा कापायचं म्हंजे काय, एकदा कापून बघितलं न्हवं. डॉक्टरांनी खिशातून कंगवा काढला, तुटक्या दातांवरून बोट फिरवलं आणि तो वांग्यांच्या पिशवीत टाकला.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"बघत काय बसलाईस, देवराव? आत जा आन् हात वर कर. घाबरलीया ती."

मी आत गेलो, बाही सावरली, आणि हात वर केला.